दहावी मूठ

रिपोर्ट अदलाबदल झालेत, हे ठरायला मंगळवारी घरात अडीच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मगननानांच्या मोबाइलवर दोन कागद आले होते. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि मिरचीचा भाव सांगावा तशा आवाजात वाचून दाखवलं. अभिमन पाटील, पुरुष, वय साठ, वाईट कोलेस्टेरॉल अडुसष्ट. कमलबाई पाटील, स्त्री, वय त्रेपन्न, वाईट कोलेस्टेरॉल एकशे ब्याऐंशी.

"भाऊ, हाई तर उलटं व्हई गयं," नाना थोरल्या भावाला म्हणाले. "तुम्हनं वहिनीले लागी गयं, आन वहिनीनं तुम्हले."

झोपाळ्यावर बसलेल्या अभिमन आबांचा जीव भांड्यात पडला. अडुसष्ट ऐकून त्यांचा चेहरा पार उतरला होता. नऊ वर्षांपूर्वी धुळ्याला त्यांच्या छातीत स्टेंट बसला, आणि तेव्हापासून दोंडाईच्याच्या या घरात हृदय एकट्या आबांनाच होतं. बाकीच्यांना हातपाय होते. आबांचं जेवण वेगळं, आबांची उशी वेगळी, आबांसमोर कोणी आवाज चढवायचा नाही. मार्केटात कोणाशी वाजलं तरी "माले स्टेंट शे" एवढं म्हटलं की समोरचा गप्प. असा माणूस अचानक अडुसष्टवर आला, तर त्याने उरलेलं आयुष्य काय म्हणून काढायचं?

"मी म्हनतच व्हतू," आबा छातीवर हात ठेवत म्हणाले. "सकायपासून माले जड वाटी ऱ्हायनं."

"रगत कोनी लिधं?" मगननानांच्या बायकोने, मंदाबाईंनी, विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "सारिकानी. घाईमां बाटल्या बदलाई गया व्हतीन. पोर नवी शे, चालस."

सारिका म्हणजे कमलबाईंची एकुलती सून, ललितची बायको. जळगावच्या एका लॅबमध्ये सात वर्षं रक्त काढण्याचं काम करत होती. पण या घरात सून पाच वर्षं तरी नवीच असते.

स्वयंपाकघराच्या दारात कमलबाई पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. बाटल्या बदललेल्या नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या रविवारी सारिकाने आधी आबांचं रक्त घेतलं, इथेच झोपाळ्यावर. सुई दिसताच आबांनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली होती. बाटलीवर चिठ्ठी चिकटवून, नाव लिहून, सारिकाने ती डब्यात ठेवली आणि डबा बंद केला. मग चहा झाला. मग आबांना विश्रांती हवी होती म्हणून सगळे बाहेर गेले. त्यानंतर अर्ध्या तासाने सारिका स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, तुम्ही मागे अंगातून वाफा निघतात म्हणालात ना? हात द्या, तुमचंही घेते." कमलबाईंनी एका हाताने भाजी ढवळत दुसरा पुढे केला होता.

हे सगळं त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. आधी वाटलं, एवढा आकडा आपला असेल कसा, आपण तर ठणठणीत आहोत. मग वाटलं, असेलही, पण आत्ता सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर बसून आपल्या अंगाची चौकशी. आणि खरं सांगायचं तर, आपण आजारी असलो तर या घराचं जेवण कोण करणार, हा विचार त्यांच्या मनात आधी आला आणि बाकीचे मागून.

"एकशे ब्याऐंशी म्हन्जे एक गोळीनं काम नही," नानांनी निकाल दिला. नानांचं वैद्यकशास्त्र मोबाइलवर आलेल्या व्हिडिओंवर चालायचं. "भाऊ, आजपासून दोन ल्या."

आणि त्या रात्री जेवण झाल्यावर कमलबाईंनी पाकिटातून दोन गोळ्या काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. हात किंचित थांबला होता. पण ठेवल्या.

---

शनिवारी सकाळी जळगावहून सुरतच्या गाडीने ललित आणि सारिका आले, तेव्हा मधल्या घरात चादरीवर निवडलेले गहू पसरले होते. दुसऱ्या दिवशी श्रावणातली कानबाई देवी बसायची होती.

कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याचा गहू, या घराण्यात भलताच कडक. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा, आणि वर दरेकी अर्धा शेर बरकतीचा, कारण रोट कमी पडला असं पाटलांच्या घरात कोणी म्हणता कामा नये. त्याच गव्हाचे खापरावर मांडे, पुरणाचे, तुपाने निथळणारे. ते बाहेरच्याला द्यायचे नाहीत, लग्न झालेल्या लेकींनाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत कणही शिल्लक ठेवायचा नाही. यंदा पौर्णिमा पुढच्या शनिवारी.

नावं नऊ होती. आबा आणि ललित. मगननाना, त्यांचे दोन मुलगे कुंदन आणि जितेंद्र, आणि कुंदनचा चार महिन्यांचा मुलगा, ज्याला अजून दातही नव्हते पण मूठ होती. शिवाय सुरतेला असलेला चुलतभाऊ प्रेमराज आणि त्याचे दोघे. यातले बाहेरगावचे रविवारी यायचे, एक वेळ पोटभर जेवायचे, सोमवारी कानबाईला पाण्यात पोचवून आपापल्या गाड्या पकडायचे. मागे राहिलेला रोट संपवायचा कोणी? आबांना तूप बंद. नानांना साखर. म्हणजे ज्यांच्या नावाने मूठ मोजली ते सुटले, आणि जिच्या नावाने कधी एक दाणा मोजला नाही ती आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मांडे खायची, तिसऱ्या दिवसापासून तव्यावर तूप सोडून मऊ करून. रोज संध्याकाळी झोपाळ्यावरून आबांचा आवाज यायचा, "संपना का वं रोट?" आणि आतून कमलबाई भरल्या तोंडाने म्हणायच्या, "संपी ऱ्हायना."

तशी वर्षभर ही पद्धत होतीच. आबांच्या शेवभाजीवरची तर्री काढून त्यांना खालची फिकी द्यायची, आणि काढलेली तर्री काय टाकून द्यायची? दुधावरची साय त्यांना चालत नाही, मग ती वाया घालवायची? नऊ वर्षं आबांच्या ताटातलं पथ्य कमलबाईंच्या ताटात जेवण होऊन उतरत होतं.

सारिकाने चपला काढल्या, वाकून सगळ्यांच्या पाया पडली. नेहमी तिच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या मंदाबाईंनी या वेळी फक्त "हं" केलं. नानांनी पेपरातून मान वर काढली नाही. गव्हाच्या चादरीशी पाटावर भिकुबाई बसल्या होत्या. प्रेमराजच्या आई, आबांच्या काकू, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी तेवढं "ये माय" म्हटलं.

सारिका सरळ स्वयंपाकघरात आली आणि दार अर्धं लोटून म्हणाली, "आई, मगननानांनी माझ्या लॅबला फोन केला होता, माहितीये तुम्हाला?"

कमलबाईंच्या हातातली परात ओट्यावर टेकली.

"बुधवारी. म्हणाले, तुमच्या पोरीने बाटल्या बदलल्या, माझ्या भावाचा जीव गेला असता. आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी लेखी द्यायचंय, काय झालं ते. सात वर्षांत माझ्या हातून एक नमुना इकडचा तिकडे झालेला नाही, आई. आणि पहिली तक्रार कोणाची, तर घरच्यांची."

"मला नव्हतं माहीत," कमलबाई म्हणाल्या. सुनेशी बोलताना त्या जमेल तेवढं शहरी बोलायच्या. फोनचं खरंच माहीत नव्हतं, पण बाकीचं माहीत होतं. त्यांनी नजर वळवली.

"तो रिपोर्ट तुमचाच आहे."

"हो."

सारिका बघतच राहिली. तिला वाटलं होतं समजावावं लागेल. "तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तो नाना विचारेल, बाईमाणसाला एवढं कसं काय झालं. मागे मार्केटच्या शिबिरात बघितलं तर चांगलं होतं म्हणेल."

"मागे म्हणजे कधी?"

कमलबाईंनी देव्हाऱ्याखालचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात लाइटची बिलं, लग्नपत्रिका आणि घरातले सगळे कागद राहायचे. सात वर्षांपूर्वीची घडी पडलेली चिठ्ठी निघाली. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठरा.

"तेव्हा तुमचं खाणं वेगळं होतं?"

"तेच. तर्री, साय, रोट. कशाला वेगळं होईल?"

"मग बदललं काय?"

कमलबाई दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "पाळी गेली."

"तेच तर सांगतेय. बायकांच्या अंगात इस्ट्रोजेन असतं ना, ते लिव्हरला कामाला लावतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचल, बाहेर काढ म्हणतं. पाळी जाते तेव्हा तेही आटतं, मग लिव्हर ढिलं पडतं. पाळी थांबायच्या आसपास एक-दोन वर्षांतच आकडा वर जातो, खाणं तेच असलं तरी. वयाने पुरुषांचाही थोडा थोडा वाढतो, पण आपला एकदम उडी मारतो. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. तूप-तर्रीने हातभार लावला असेल, ते वेगळं."

कमलबाई ओट्याला टेकल्या. चाळीस वर्षं त्यांनी त्या चार दिवसांना शिव्या घातल्या होत्या. बाजूला बसा, याला शिवू नका, त्याला शिवू नका. "म्हणजे जी मेली दर महिन्याला छळत होती, ती माझी राखण करत होती?"

"तिच्यामागचं ते इस्ट्रोजेन. पण तसंच म्हणा."

कमलबाईंना हसू आलं आणि लगेच रागही आला. दोन वर्षांपूर्वी त्यांचं थांबलं, तेव्हा भिकुबाईंनी देव्हाऱ्यासमोर उभं करून सांगितलं होतं, "आते तू मोकळी व्हयनी. आते कानबाई तुनी." केवढा मान वाटला होता! कानबाईचा नारळ, खापर, सोवळं, सगळं एकटीच्या हाती. रोट संपवायचं काम तर आधीपासूनचंच. ज्या वर्षी अंगातून राखणदार गेला, त्याच वर्षी घराने तुपाचा डबाही मान म्हणून हाती दिला होता. कोणाला माहीत होतं?

"मी बाहेर जाऊन सांगू का?" सारिकाने विचारलं. "पण मग पाळीचंही सांगावं लागेल. तुमची परवानगी असेल तरच."

"नको. पुरुष बसलेत, काकू बसल्यात. कानबाई होऊ दे."

"सोमवारी मला लेखी द्यायचंय, आई."

तेवढ्यात मधल्या घरातून आबांचं विव्हळणं आलं. "ओ माय व! पोटऱ्या धऱ्यात मन्या!"

---

आबा झोपाळ्यावरून उतरले होते आणि भिंत धरून उभे होते. ललित त्यांना धरायला धावला. "दोन दिस व्हयनात," आबा म्हणाले. "मांड्या, पोटऱ्या, बठ्ठं दुखी ऱ्हायनं. एकशे ब्याऐंशी आते पायमां उतरनं वाटस."

"कोलेस्टेरॉल असं पायात उतरत नाही, आबा," सारिका म्हणाली. "गोळी रोजचीच घेताय ना?"

"दोन लेस मंगळवारपासून."

"दोन? डॉक्टरांनी सांगितलं?"

"मगननी सांगं."

सारिकाने नानांकडे बघितलं. नाना पेपरात आणखी खोल गेले. "या गोळ्यांनी कधीकधी स्नायू दुखतात, आबा. तुमची एक गोळी नऊ वर्षं बरोबर काम करतेय, म्हणून तर तुमचा आकडा अडुसष्ट आला. आजपासून एकच, आणि धुळ्याच्या डॉक्टरांना मी आत्ता फोन करून विचारते. कोणी दिल्या दोन दोन?"

कोणी दिल्या ते सगळ्यांना माहीत होतं. कमलबाई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. आबांच्या नखऱ्यांची त्यांना इतकी सवय झाली होती, की दोन दिवस त्यांचे पाय खरंच दुखत असतील हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तू बाटल्या बदल्यात, आन आते आम्हले शिकाडस?" नाना पेपर आपटून म्हणाले.

"नाना, मी बदलल्या नाहीत. आबांची बाटली बंद करून..."

"मंग वहिनीले एकशे ब्याऐंशी? हाई घोडीमायक काम करस, दोन मजले चढस-उतरस! आम्हना घरमां बाईमाणूसले हृदयना आजार कधी व्हयनाच नही. आम्हनी माय देख." नानांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. चंदनाचा हार घातलेल्या बेबाबाई, कमलबाईंच्या सासू. "वयना अठ्ठावन्नमां गयी. कानबाईना रोट संपाडता संपाडता, खापरजोडे बसेल. काही आजार नही, काही नही. कानबाईनी उचली लई गयी. असं मरण भागमां लागस."

हे नाना दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी घरातल्या बायका हात जोडायच्या. मंदाबाईंनी या वर्षीही जोडले.

"मूठ मोजा," भिकुबाई म्हणाल्या. "वेळ चाली ऱ्हायना."

---

मोठं भांडं मध्ये ठेवलं. मोजायची ती थोरल्या सुनेच्या मुठीने, आणि नावं घ्यायची ती सगळ्यात वडील बाईने. कमलबाई गुडघे दुमडून बसल्या. हात गव्हात घातला.

"अभिमन," भिकुबाई म्हणाल्या. मूठ, आणि वर पाव मूठ. "मगन." मूठ, पाव मूठ. "प्रेमराज." प्रेमराजचे दोघे. ललित. कुंदन. जितेंद्र. प्रत्येक नावासरशी गहू भांड्यात पडत होता. लहानपणी ज्याच्या पाठीला तेल लावलं होतं तो जितेंद्र मागच्या वर्षी कानबाईला आलाच नव्हता, ऑफिसमध्ये सुटी नाही म्हणून. त्याची मूठ कमलबाईंनी बुधवारी आणि गुरुवारी खाल्ली होती. चव आठवत होती.

"कुंदनना पोऱ्या."

दात नसलेल्या बाळाचा गहू पडला. नऊ. भिकुबाईंनी हात जोडायला उचलले.

कमलबाईंनी पुन्हा हात गव्हात घातला. बोटं मिटली. मूठ भांड्यावर आली आणि थांबली.

"हाई कोनी?" मंदाबाईंनी विचारलं.

"मनी."

नाना म्हणाले, "वहिनी, बाईमाणूसनी मूठ नही ऱ्हास."

"आजार बी नही ऱ्हास ना बाईमाणूसले? तुम्हीच सांगं आते." कमलबाईंनी मूठ भांड्यावर तशीच धरली. "तो एकशे ब्याऐंशी मना शे. मना सोता ना. सारिकानी काही बदलं नही. मी मंगळवारपासून जानस आन मी गप ऱ्हायनू. मना गप ऱ्हावानं यास्ले दोन दोन गोळ्या खावा लाग्यात. त्या मीच दिध्यात, जानी बुजीसन. हाई मनी चूक शे, तिनी नही."

"आई..." ललित म्हणाला.

"थांब. तुना काका विचारस ना, कशी काय व्हयनं? सांगस. दोन वरीस व्हयनात मनी पाळी गयी."

नानांनी पेपर उचलून चेहऱ्यासमोर धरला. उलटा. आबांनी छताकडे बघितलं. या घरात तो शब्द पुरुषांसमोर तीन पिढ्यांत कोणी उच्चारला नव्हता, आणि आज तो गव्हावर, कानबाईच्या आदल्या दिवशी, उघडा पडला होता. छत मात्र जागेवर होतं.

"पाळी व्हती तवलोंग अंगमां एक राखणदार व्हता. तो रगत साफ ठेये. तो गया आन आकडा चढना. सारिका सांगस तसं. बठ्ठ्या बायास्ना चढस, थोडा ना भौत. मंदा, तुना बी चढी."

मंदाबाई दचकल्या. गेले आठ महिने त्यांची पाळी कधी येत होती, कधी दडी मारत होती, आणि रात्री त्या पंखा पाचवर करून झोपत होत्या. नाना थंडीने कुडकुडत भांडायचे. कमलबाई सोडून हे कोणाला माहीत नव्हतं. मंदाबाईंनी सारिकाकडे बघितलं, आणि सकाळी न ठेवलेला हात जरा पुढे केला. "मनं बी लेशी का माय? रगत?"

"मंदा!" नाना पेपरामागून म्हणाले.

"तुम्ही पेपर सरळ धरा आधी," मंदाबाई म्हणाल्या. गडाचा एक बुरूज असा ढासळला.

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. "पन मायले तर काही व्हयनं नव्हतं..."

"व्हयनं व्हतं," भिकुबाई म्हणाल्या.

त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की सगळ्यांना वळून बघावं लागलं. म्हातारीचे डोळे फोटोवर होते. "तीन दिस तिनी छाती जड व्हती. जबडा दुखे. घाम फुटे. माले सांगे, भिकू, आंबट ढेकर येतस. मी म्हनं, नको खाऊ. ती म्हने, उद्या पौर्णिमा शे, रोट संपाडना पडी, बठ्ठा मानसं बाहेर बसेल शेतस. आन मी सोता तव्यावर तूप सोडीसन तिले वाढं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "कानबाईनी नही नेयं तिले. आम्हीनच नेयं. पंचवीस वरीस व्हयनात, मी कोनले सांगं नही. इतलं गोड मरण तुम्ही करी ठेयेल व्हतं, मी कशी सांगू?"

नानांच्या हातातून पेपर खाली आला. कानबाईने आईला उचललं, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. ती त्यांनी दुकानात, लग्नात, एसटीत सांगितली होती. आता ते फोटोकडे बघत होते आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं होतं. कमलबाईंना त्यांची दया आली. पण मूठ त्यांनी उघडली नव्हती.

"नाना," त्या म्हणाल्या, "लॅबले फोन लावा. आत्ते. सांगा, रिपोर्ट बरोबर व्हता, आम्हनं चुकनं."

"सोमवारी..."

"आत्ते."

नानांनी फोन लावला. पलीकडे कोणी उचलल्यावर नाना उभे राहिले, का ते त्यांनाच माहीत. "हॅलो. मी पाटील बोलतो, दोंडाईच्याहून. ते आमचं बुधवारचं... ते तसं नव्हतं. बाटल्या बरोबर होत्या. पोरीची काही चूक नाही. हो. हो, आमचीच सून आहे." फोन ठेवून ते पुन्हा बसले. सारिकाने चेहरा भिंतीकडे वळवला होता आणि ललित तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

आबांचं नऊ वर्षांचं राज्य गेलं होतं, आणि गादीवर बसली होती त्यांचीच बायको. कमलबाईंना वाटलं, आता म्हणतील मलाही जड वाटतंय. आबा भिंत धरत, दुखऱ्या पायांनी चालत आले आणि चादरीच्या कडेला, गव्हाशी, खाली बसले. जमिनीवर ते नऊ वर्षांत बसले नव्हते.

"तुले दुखस का काही?" त्यांनी विचारलं. "छातीमां?"

"नही."

"खरं सांग."

"नही म्हनं ना." पण कमलबाईंचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न या दिशेने कधी आला नव्हता.

"काकू," आबा भिकुबाईंना म्हणाले, "तिनं नाव ल्या ना. कवयनी मूठ धरी बसेल शे, हात दुखी तिना."

भिकुबाईंनी पदर खाली घेतला. घसा साफ केला. "कमल," त्या म्हणाल्या.

मूठ उघडली. गहू पडला. कमलबाईंनी वर पाव मूठ टाकली, आणि अर्धा शेर बरकतीचा, एक दाणाही कमी नाही.

---

सोमवारी कानबाई गेली. मंगळवारी धुळ्याला डॉक्टरांनी कमलबाईंचा थायरॉइड बघायला सांगितला, एक लहान गोळी लिहून दिली, संध्याकाळी चाळीस मिनिटं चालायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. आबांची गोळी एकच राहिली. पोटऱ्या गुरुवारी थांबल्या, आणि थांबल्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

रोट यंदाही उरलाच. कमलबाईंनी रविवारी एक मांडा खाल्ला, बिनतुपाचा, आणि ताट सारलं. "मना नावना गहू शे," त्या म्हणाल्या, "पन मी चौतीस वरीस तुम्हना नावना खाधा. आते मना तुम्ही संपाडा." नानांची साखर, आबांचा स्टेंट, सगळ्यांनी सगळं पुढे केलं. मग ललितने फक्त आपल्या मुठीपुरते मांडे संपवले, मंदाबाईंनी हात वर केले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोघा भावांच्या ताटात अर्धा अर्धा मांडा पडू लागला, कोरडा, वर कढी ओतून. पुढच्या वर्षी बरकतीचा अर्धा शेर काढून टाकायचा, असा ठराव नानांनी बुधवारीच मांडला. कोणी विरोध केला नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी कमलबाई स्टेशनपर्यंत चालून आल्या. चपला काढल्या, पाय धुतले आणि रिकाम्या झोपाळ्यावर बसल्या. स्वयंपाकघरात पाटावर आबा आणि नाना समोरासमोर बसले होते, मधे शेवटचा मांडा, दोघांच्याही कपाळाला घाम. कमलबाईंनी पायाने झोपाळ्याला हलका रेटा दिला.

"संपना का वं रोट?" त्यांनी बाहेरून विचारलं.

आत थोडा वेळ नुसतं चावण्याचं ऐकू आलं. मग भरल्या तोंडाने आबा म्हणाले, "संपी ऱ्हायना."